टोनी लियुंग यांच्या चित्रपटांचे तीन दिवस, जळगावात

जळगावातील एका चित्रपट मंडळाने टोनी लियुंग चिउ-वाई या हाँगकाँगच्या अभिनेत्याच्या कारकिर्दीवर अलीकडेच तीन दिवसांचे चित्रपटसत्र भरवले. तिन्ही दिवसांची एकत्रित प्रवेशिका मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाहून महाग नव्हती आणि चित्रपटांची निवड पाहता ती स्वस्तच म्हणावी लागेल. प्रवेशद्वारावरील फलकावर मात्र छायाचित्र टोनी लियुंग का-फाई या दुसऱ्याच अभिनेत्याचे होते. खुद्द हाँगकाँगमध्येही या दोघांना ओळखण्यासाठी ‘मोठा टोनी’ आणि ‘छोटा टोनी’ असे म्हटले जाते, हे खरे. पण ज्याच्या नावाने सत्र भरवले त्याचा चेहरा तरी आयोजकांनी तपासून घ्यायला हवा होता.

आरंभी ‘अ सिटी ऑफ सॅडनेस’ हा १९८९ चा संथ तैवानी चित्रपट ठेवणे धाडसाचे होते आणि माझ्या मते ते योग्यच होते. चित्रपटाला लागणारी तैवानची बोली लियुंग यांना येत नव्हती, म्हणून दिग्दर्शक हौ श्याओ-श्येन यांनी त्यांची व्यक्तिरेखा मूकबधिर छायाचित्रकाराची केली. हा माणूस कागदावर लिहून संवाद साधतो, आणि समोरच्याचे वाचून होईपर्यंत थांबलेल्या त्याच्या चेहऱ्यावर आर्जव, भीती आणि संकोच एकापाठोपाठ उमटत जातात. त्यानंतर लगेच ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ (१९९४) दाखवल्यामुळे अभिनेत्याचा आवाका आपोआप स्पष्ट झाला. प्रेयसी सोडून गेलेला पोलीस शिपाई झिजलेल्या साबणाला ‘इतका का वाळलास’ असे विचारतो आणि ओल्या टॉवेलची समजूत काढतो, तेव्हा सभागृह हसले; पण लियुंग हा प्रसंग विनोद म्हणून करतच नाहीत, म्हणून तो हसवतो.

‘इन द मूड फॉर लव्ह’ने त्यांना २००० साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवून दिला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे थांबत नाही. ‘इन्फर्नल अफेअर्स’च्या (२००२) वेळी मात्र पडद्याची चौकट नीट न जुळवल्यामुळे इंग्रजी उपशीर्षकांची खालची ओळ कापली जात होती. टोळीत शिरलेला पोलीस आणि पोलिसांत शिरलेला टोळीवाला यांच्या कथेत वाक्यागणिक डाव उलटतो. तिथे अर्धे वाक्य वाचून भागत नाही. सुदैवाने ध्वनियंत्रांच्या दुकानात हे दोघे शेजारी बसून गाणे ऐकतात, त्या प्रसंगाला उपशीर्षकांची फारशी गरज नाही. शिवाय ऐन दुपारच्या खेळाला वातानुकूलन बंद ठेवणे, तेही खान्देशच्या उन्हाळ्यात, हा कसला काटकसरीचा हिशेब, ते आयोजकच जाणोत. प्रत्येक खेळाआधी हाती दिलेले मराठी टिपण मात्र नेटके आणि उपयोगी होते.

माझा मुख्य आक्षेप निवडीतील एका उणिवेवर आहे. लियुंग घडले ते दूरचित्रवाणीवर. टीव्हीबी वाहिनीच्या प्रशिक्षणवर्गातून बाहेर पडल्यावर त्यांनी मुलांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले आणि १९८४ च्या ‘द ड्यूक ऑफ माउंट डिअर’ मालिकेत वेई श्याओबाओ हा बडबड्या, लबाड, थापांच्या जोरावर तरून जाणारा पोरगा रंगवला. पुढे ज्यांच्या मौनाची एवढी वाखाणणी झाली, त्यांची ही अखंड चालणारी जीभ पाहिल्याशिवाय त्या मौनाची किंमत पुरती कळत नाही. शिरपूरच्या पाटील घराण्यातील स्मिता पाटील यांची ओळखही प्रथम दूरदर्शनवरील वृत्तनिवेदिका म्हणून झाली होती, हे ठाऊक असलेल्या खान्देशातील प्रेक्षकाला छोट्या पडद्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसते. व्हेनिस महोत्सवाने २०२३ मध्ये लियुंग यांना जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह दिला, त्या ओळीवर मंडळाचे टिपण संपते. त्यात मालिकांना एक परिच्छेदही नाही.

एवढे असूनही हे सत्र मंडळाने भुसावळ किंवा धुळ्यात पुन्हा भरवले, तर प्रवेशिका अवश्य घ्यावी. जागा शक्यतो मधल्या रांगांतील निवडावी आणि दुपारच्या खेळाला पाण्याची बाटली सोबत ठेवावी.