थर्मल कॅमेऱ्यातला निळा डाग आणि गेलेले ५२,५०० रुपये

नाशिकच्या पाथर्डी फाटा, इंदिरानगरकडच्यांनी तरी पावसाळ्याआधी हे वाचा. बेडरूमच्या छताला ओल होती. ‘तोडफोड न करता लीकेज शोधून देतो’ म्हणणारा एक जण थर्मल कॅमेरा घेऊन आला. तपासणीचे २,५००. स्क्रीनवर एसीखालची अख्खी भिंत निळीशार. “काकू, पाणी भिंतीत उतरलंय, उद्या स्लॅब जाईल.” इंजेक्शन ग्राउटिंगचं, म्हणजे भोकं पाडून आत भेगा बुजवणारं मिश्रण भरायचं, कोटेशन ८४,०००. ॲडव्हान्स ५०,०००, यूपीआयने, उभ्या उभ्या.

खरी चीड पुढेच आहे. मी स्वतः विचारलं होतं, “एसी सकाळपासून चालू आहे, बंद करू का?” तर म्हणे, “राहू द्या काकू, उकडतंय.” तिथेच हाकलायला हवं होतं मेल्याला! कॅमेऱ्याला पाणी दिसतच नाही, दिसतं ते पृष्ठभागाचं तापमान. ओल सुकताना जागा गार पडते म्हणून निळी येते. एसीचा झोत बसलेली कोरडी भिंतही तशीच येते. त्याने पाठवलेला फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. कडेच्या तापमानाच्या पट्टीवर खाली २४.१, वर २५.६. दीड अंशात निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग, म्हणजे जरासा फरकही भयंकर दिसणार! स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पिंपावर तर माझाच लालभडक आकार उमटला होता. चकचकीत स्टील अंगाची उष्णता आरशासारखी परत फेकतं, एवढंच. नाहीतर मी काय पिंपात बसले होते? बँकेत नोकरी केलेली बाई आहे मी, भोळी नाही. पण हे बारकावे सांगतं कोण आपल्याला?

भिंतीला पिना टोचून ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर मागा. ‘कॅमेऱ्यात सगळं येतं’ म्हणाला तर दार दाखवा.

त्याने पाठवलेल्या दोन पोरांनी भोकं पाडली, नळ्या खोचल्या, पांढरं पाणी भरलं आणि गेले. पहिल्याच पावसात डाग जागच्या जागी. शेवटी प्लंबरला गच्चीच्या पावसाळी पाइपचा सांधा सुटलेला सापडला. १,८०० रुपयांत काम.

पोलीस ठाण्यात काय ऐकवलं? “काम केलंय ना त्याने? मग हे दिवाणी.” अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. परत गेले तर साहेब बंदोबस्ताला. नंतर गेले तर अर्जच सापडेना, वर मलाच विचारतात, “पैसे देताना बिल का नाही घेतलं?” अहो, तो फसवायला आला होता, बिल द्यायला नाही! सोसायटीचे सेक्रेटरी तर ‘तुमचा घरातला विषय’ म्हणून मोकळे; गच्चीचा पाइप काय माझ्या माहेरचा आहे?

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करायचा तर त्याचं नाव-पत्ता हाताशी हवा. माझ्याकडे फक्त नंबर, तोही आता बंद. पक्कं बिल आणि पत्ता आधी, पैसे नंतर.