गॅस कटर, ग्राइंडर की शिअर: शेंदरी थराचं लोखंड कापायचं कशाने?

जुन्या गर्डरवरचा रंग खरवडल्यावर खालून शेंदरी थर निघाला, तर कटर पेटवायची घाई नको. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि गंज अडवायला तो प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाच्या पहिल्या थरात, सर्रास घालत. अर्थात नुसत्या रंगावरून ठरत नाही, लोखंडाच्या ऑक्साइडचा प्रायमरही तांबूसच असतो. आधी खपलीत शिसं आहे का ते तपासून घ्या.

जाड प्लेट, अडचणीचा कोपरा, वीज नाही अशा ठिकाणी गॅस कटरला तोड नाही. पण शिसं ३२७ अंशांना वितळतं, १७४९ ला उकळतं, आणि ज्योत असते ३००० अंशांच्या आसपास. ज्योत टेकली की रंगाला फोड येतात, तो काळा पडतो, आणि त्यातलं शिसं धूर होऊन नाकासमोरूनच वर जातं. अमेरिकेत 'ओशा' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमानुसार हवेतल्या शिशाची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. शिशाच्या रंगावर गॅस कटर चालवायचा, तर मोजणी होईपर्यंत पातळी २५०० च्या वर आहे असंच धरावं लागतं. त्याच नियमांत अर्धा मास्क (फक्त नाक-तोंड झाकणारा) ५०० पर्यंतच चालतो. म्हणजे 'मास्क लावलाय की' हे उत्तर इथे पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा लागतो.

ग्राइंडरला लोक धूर नाही म्हणून सुरक्षित समजतात. मला तो सगळ्यात फसवा वाटतो. चाक रंगाचं पीठ करतं आणि ते सगळीकडे उडवतं. धूळ खेचणारं कव्हर नसेल तर विचारच सोडा.

हायड्रॉलिक शिअर लोखंड चावून तोडतं. रंगाचे पापुद्रे खाली पडतात, ते गोळा करता येतात. अडचण एकच, जबडा आत शिरायला जागा हवी. शिअर पोचत असेल तर मी दुसरं काही बघणार नाही.

पोचत नसेल तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान चार इंच रंग काढा, मग गॅस लावा. वेळ जातो, पण धुरातलं शिसं मुळातच घटतं. रंग जाळून काढू नका. केमिकल लावलं तर नीट धुऊन, वाळवून घ्या, कारण क्लोरीनवाल्या सॉल्व्हेंटवर ज्योत गेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

काहीही निवडा, काम सुरू होण्याआधी रक्तातलं शिसं मोजून ठेवा. संपर्क थांबला की रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडात गेलेलं मात्र कित्येक वर्षं मुक्काम ठोकतं. आणि कामाचे कपडे साइटवरच उतरवा, घरी रांगतं मूल असेल तर नक्कीच.