द बी स्टिंग : बुडणाऱ्या घराचा विनोद

पॉल मरे यांची ही २०२३ची कादंबरी साडेसहाशेच्या आसपास पानांची. मंदीनंतरचं आयर्लंडमधलं छोटं गाव, डिकी बार्न्सचं डबघाईला आलेलं गाड्यांचं शोरूम. धंदा सावरायचा सोडून हा गृहस्थ रानात जगबुडीपासून वाचायला आसरा बांधायला घेतो! त्याचा बारा वर्षांचा मुलगा पीजे घरचे पैसे वाचावेत म्हणून पायाला चावणारे तोकडे बूट मुकाट्यानं घालतो. हसू येतं आणि गिळावंही लागतं.

डिकीची बायको इमेल्डा, तिच्या भागात पूर्णविराम नाहीत. तिथं पुष्कळ जण पुस्तक मिटतात. तो भाग मोठ्यानं वाचा, वाक्य कुठं तुटतं ते कानाला कळतं. शिवाय नवं वाक्य कॅपिटल अक्षरानं सुरू होतं. लग्नात तिनं चेहऱ्यावरची जाळी (व्हेल) का वर केली नाही, मधमाशी खरंच चावली का, याचं उत्तर फार पुढं मिळतं, म्हणून पानं गाळू नका.

मुलगी कॅसचं सुरुवातीचं मैत्रीपुराण मात्र लांबलंय. शेवटी निवेदन ‘तू’वर येतं आणि वेग अंगावर येतो. शेवट मोकळा सोडलाय. सगळे धागे बांधून हवे असतील तर चिडचिड होईल.

२०२३च्या बुकर पुरस्काराच्या लघुयादीत ही कादंबरी होती.