गेकोचं कॅल्शियम: विकतचा डबा, औषधाची गोळी, अंड्याचं कवच की समुद्रफेन?

गोव्यात गेको, म्हणजे पालीच्या कुळातला प्राणी, पाळणाऱ्याचं टाकी किंवा हीट मॅटवाचून फारसं अडत नाही. त्या एकदा आल्या की वर्षानुवर्षं चालतात. अडतं ते त्याच्या खाण्यातल्या किड्यांना लावायच्या कॅल्शियमच्या पावडरीवर. म्हापसा घ्या, पणजी घ्या, मडगाव घ्या, पेट शॉपमध्ये पोपट, मासे आणि कुत्र्यांचं खाणं भरपूर मिळतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची पावडर मागितली की समोरचा शांतपणे कासवाच्या खाण्याचा डबा काढून देतो.

माझ्याकडे आफ्रिकन फॅट-टेल जातीचा गेको आहे. आपल्या दमट हवेत तो लेपर्ड गेकोपेक्षा जास्त रमतो असं मला वाटतं, पण कॅल्शियमचं गणित दोघांचं जवळपास एकच. क्रेस्टेड गेकोवाल्यांचं मुख्य खाणंच तयार पावडरीचं असतं, त्यांनी हे जरा दुरूनच वाचावं. आणि रानातला देशी गेको धरून आणायचा बेत असेल, तर आधी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचा, मग कॅल्शियमचं बघू.

रातकिडे, झुरळं, मिलवर्म या सगळ्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्याला हवं ते उलट: फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. सवाल एवढाच की ती भर कशाने घालायची.

परदेशी कंपनीचा डबा कागदावर सगळ्यांत सरस. पीठ अगदी बारीक, आणि डी३सह (कॅल्शियम अंगी लागायला हवं असलेलं जीवनसत्त्व) व डी३विना असे दोन्ही प्रकार मिळतात. किमतीची तक्रार करत नाही, हौसेला मोल नसतं. पण मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या डब्याची मुदत जेमतेम काही महिन्यांवर आली होती, आणि परत घ्यायला तो तयार नव्हता. डी३ असलेला डबा उघडल्यावर साधारण सहा महिन्यांत बदलावा असं सांगतात, कारण हवा, ऊब आणि उजेड लागून ते जीवनसत्त्व कमी होत जातं. एक गेको सहा महिन्यांत कितीशी पावडर खाणार! त्यात जून-जुलैची हवा. झाकण दोन-चारदा उघडलं की कडेने गुठळ्या धरायला लागतात.

औषधाच्या दुकानातली गोळी सगळ्यांत सोपी. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीत १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे मूळ पदार्थ डब्यातलाच. पण तिच्यात बहुधा २५० युनिट डी३ही असतं. ते चरबीत साठतं, जास्तीचं सहज बाहेर पडत नाही, म्हणून दर जेवणाला ही पूड लावायला माझा हात धजत नाही. वरून रंगीत लेप, आत स्टार्च. चघळायच्या गोळीत तर साखर आणि स्वादही. अडीअडचणीला एखाद-दुसऱ्या वेळी चालून जाईल. कुत्र्यांचं कॅल्शियम सिरप आणि कोंबड्या-गुरांचं डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) मात्र नको. डीसीपीत फॉस्फेट असतं, बऱ्याच सिरपांतही असतं, म्हणजे जे आधीच जास्त आहे तेच आणखी घालायचं. आणि पानाचा चुना? त्याने तोंड भाजतं. तो विषय इथेच संपला.

आता खरा सामना: अंड्याचं कवच आणि समुद्रफेन. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, दोन्हीत डी३ नाही, आणि दोन्ही स्वस्त.

कवचाच्या बाजूने बोलायचं तर ते फुकट. रस ऑम्लेटच्या या मुलुखात अंड्यांना तोटा नाही. कवच धुवायचं, आतला पातळ पापुद्रा सोलायचा, उकळायचं, मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचं, मिक्सरला लावायचं आणि मलमलीतून गाळायचं. हे सगळं मी मन लावून केलं आहे, कंटाळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढची. घरच्या मिक्सरमध्ये कवचाचं पीठ होत नाही, कण होतात. झुरळं डब्यात घालून हलवली की हे कण त्यांच्या गुळगुळीत पाठीवरून घसरतात आणि तळाच्या कोपऱ्यात गोळा होतात. मसाला न लावलेल्या कोरड्या बांगड्याला रवा चिकटेल का? तसंच हे. टाकीत सोडेपर्यंत झुरळ पुन्हा तपकिरी दिसू लागतं, आणि आपण मात्र कॅल्शियम दिलं या समाधानात. रातकिड्याच्या पायांत थोडं अडकतं, पण तोही पाय साफ करत बसतो. माझ्या गेकोने तर अशा कणांचा घास तोंडात धरून, डोकं झटकून टाकून दिलेला आहे. दगडी खलात तासभर घोटलं तर फरक पडतो म्हणे. पडत असेल. पावसाळ्यात पापुद्र्याचा एखादा तुकडा राहून गेला, तर बरणीला येणारा वास ही आणखी एक गंमत.

समुद्रफेन म्हणजे माकुलाच्या भाऊबंदांपैकी कटलफिशच्या पाठीतलं पांढरं, हलकं कवच. पोपटांच्या पिंजऱ्याला अडकवलेलं तुम्ही पाहिलंच असेल. वरची बाजू टणक, खालची इतकी मऊ की नख रुतावं. त्या मऊ बाजूवर सुरीची धार आडवी फिरवली की थेट मैद्यासारखं पीठ पडतं, आणि हवं तेवढंच, हवं तेव्हा. बरणी नाही, गुठळ्या नाहीत, मुदत नाही. हे पीठ झुरळाच्या पोटाखाली, पायांच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि गेकोने धरेपर्यंत टिकतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला. मोजमाप म्हणाल तर मी काही केलेलं नाही, पण टाकीतल्या विष्ठेचा पांढरा भाग सोडला तर आता कुठे पांढरं सांडलेलं दिसत नाही, आणि वाटीत उरतही नाही.

खोट यातही आहे. पावसाच्या तोंडावर आणि नंतर मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर समुद्रफेन फुकट सापडतं, पण त्याच दिवसांत लाटांबरोबर डांबराचे गोळेही येतात. उचललेल्या तुकड्याच्या कडेला तो काळा चिकट डाग असेल तर तो तिथेच टाकून द्यावा, खरवडून चालत नाही. मी हल्ली पक्ष्यांच्या दुकानातलंच घेतो. काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतं (दुकानदार आधी "कान कोणाचा वाहतोय?" असं विचारतो), मात्र अख्खा तुकडा मागा, चूर्ण नको, कारण आयुर्वेदात ते लिंबाच्या रसात शुद्ध करतात आणि आणखी काय मिसळलंय हे पुडीवरून कळत नाही. कुठूनही आणा, मीठ निघण्यासाठी गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत भिजवा आणि कडक वाळवा. पावसाळ्यात हे वाळवणंच काय ते जिकिरीचं, म्हणून मी मे महिन्यात साठा करून ठेवतो.

मग डी३? ते समुद्रफेनातून येणार नाही, आणि टाकी खिडकीपाशी ठेवूनही नाही. अंगात डी३ तयार करणारी अतिनील-बी (यूव्हीबी) किरणं काच अडवते, आणि उन्हात तापलेली टाकी गेकोचा जीव घेते. एकतर कमी ताकदीची यूव्हीबी ट्यूब लावा, नाहीतर डी३वाला सर्वांत छोटा डबा आणा आणि आठवड्यातून एखाद्या जेवणाला चिमूटभर वापरा. मी दुसरा मार्ग धरला आहे. रोजच्या कामातून सुटल्यामुळे तो डबा फार कमी वेळा उघडतो आणि गुठळ्यांचा त्रासही बराच कमी झाला. शिवाय किड्यांना मशिंगाची (शेवग्याची) पानं खायला घालतो. तांबडी भाजी मात्र टाळतो, तिच्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

पिल्लू असेल किंवा अंड्यावरची मादी असेल, तर माझं समुद्रफेनाचं प्रेम बाजूला ठेवा आणि ताजा डबाच मागवा, तिथे डी३च्या अंदाजपंचे हिशेबाला जागा नाही. गेकोची बोटं थरथरत असतील किंवा जबडा दाबल्यावर मऊ लागत असेल, तर यातलं काहीच नको, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठा. बाकी धडधाकट, वाढ पूर्ण झालेल्या गेकोसाठी दुकानातलं एक समुद्रफेन मला महिनोन्महिने पुरतं.