वडिलांची बंदूक: घरच्या लॉकरात ठेवावी की जमा करावी?

वडील गेले, परवाना वारसाने आपल्या नावावर झाला आणि घरात लहान पोरं आहेत. पाटण, जावळीकडच्या डोंगरी गावांत अशी घरं बरीच. कुणाकडे आजोबांनी शेतीसंरक्षणासाठी घेतलेली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-छरे ठासून भरायची, कुणाकडे वडिलांची बारा बोअरची एकनळी. विकायला मन होत नाही. मग दोनच वाटा उरतात: घरात पक्क्या लॉकरात, नाहीतर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो. नूतनीकरण, फॉर्म वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आधी घरच्या बाजूने बोलतो, कारण ती बाजू दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. रात्री दोनला रानडुकरं भुईमुगात उतरली तर हवेत एक बार काढला की कळप पांगतो. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, तेव्हा आपल्याला खरा उपयोग आवाजाचाच. पण जमा केलेली बंदूक त्या रात्री आवाजही करत नाही. शिवाय हत्यार घरात असलं की तेलपाणी होतं. 2024 च्या लोकसभेच्या आचारसंहितेत मी माझी जमा केली होती. परत मिळाली तेव्हा नळीच्या तोंडाला तांबूस गंज आणि दस्त्यावर खडूने लिहिलेला नंबर. वडील असते तर त्या दिवशी जेवले नसते.

जमा करायची कटकट वेगळीच. अर्ज द्या, परवान्याची प्रत द्या, साहेब बंदोबस्ताला गेलेत तर उद्या या. विक्रेत्याकडे निगा बरी राहते, पण त्याचं भाडं असतं आणि तो काही प्रत्येक तालुक्याला नसतो. नुसता सोयीचा हिशेब मांडला तर घरचा लॉकर जिंकतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

माझं घोडं अडलं ते चावीवर.

लॉकर मी चांगला घेतला होता. भिंतीत बोल्ट मारले, काडतुसं वेगळ्या कुलपात. चावी माझ्या खिशात. पण पँट धुवायला पडते. बायकोने चावी काढून देव्हाऱ्यामागे ठेवली. तिथे पोराचा हात पोहोचतो म्हणून घड्याळामागे, मग तांदळाच्या डब्यात. एक दिवस पाहुणे बसलेले असताना सहा वर्षांची लेक आतून ओरडली, "बाबा, बंदुकीची चावी भाताच्या तांदळात पडली!" नंबराचं कुलूपही लावून पाहिलं. झोपेत, अंधारात आकडे जुळेनात, म्हणून आकडा सोपा केला. सोपा केलेला आकडा लेकीला चार दिवसांत पाठ. घरात लपवलेली वस्तू सगळ्यात आधी कुणाला सापडत असेल तर ती घरातल्या सगळ्यात लहान माणसाला. कदाचित तुमच्याकडे शिस्त जास्त असेल. माझ्याकडे तरी असंच झालं.

हे मला एवढं का लागलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तात्यांकडे, म्हणजे माझ्या चुलत्यांकडे, होतो. भात कापणीला आलेलं, म्हणून त्यांची ठासणीची भरलेली असायची. ठासणीची बंदूक एकदा भरली की रिकामी करायला बार काढावाच लागतो, नाहीतर दारू-छरे खरवडत बसायचं. तेवढी उठाठेव रोज सकाळी कोण करतो? तात्या वरची टोपी, म्हणजे घोडा पडला की पेटून आतली दारू पेटवणारी ती छोटी वाटी, काढून ठेवायचे, आणि टोपी काढली म्हणजे बंदूक मेली असं सगळ्यांनीच धरलेलं. बंदूक लाकडी कपाटात, लुगड्यांच्या मागे. टोप्यांची छोटी डबी त्याच कपाटात. लाडवांचा डबाही त्याच कपाटात, कारण घरात कुलूप लागणारं कपाट तेवढं एकच. चावी काकूच्या कमरेला.

काकू चुलीपुढे, हात पिठाचे. दारात माणसं आलेली. तिने नऊ वर्षांच्या पोराला चावी दिली, "लाडवाचा डबा काढ रे." सकाळपासून पोरांच्या हातात टिकल्यांची पिस्तुलं होती. त्याने बंदूक पाहिली, डबी पाहिली आणि पिस्तुलाला टिकली लावतात तशी टोपी लावली. धाकटी बहीण दारात लाडू खात उभी होती. पाच वर्षांची. पाटणच्या दवाखान्यापर्यंत नेली, पण ती वाटेतच गेली होती.

पोलीस आले तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "मी भरून ठेवली होती." पुढे कोर्टातही तेच सांगितलं. तेव्हाच्या दंड संहितेतलं 304-अ, निष्काळजीपणाने मृत्यू. दंड झाला, परवाना रद्द झाला. पोरावर कायद्याने काही आलं नाही. सातच्या आतल्या मुलाला कायदा गुन्हेगार धरतच नाही, आणि सात ते बारामधल्याची समज किती ते बघतो. म्हणजे कागदावर जबाबदारी जिथे असायला हवी तिथेच राहिली, परवाना ज्याचा त्याच्यावर.

पण वाड्यात बोट वळलं काकूकडे. "पोराच्या हातात चावी दिलीच कशी?" पाणवठ्यावर, बारशाला, तेराव्याला. तिने परवान्यावर सही केली नव्हती, बंदूक कधी हातात धरली नव्हती. तात्यांची केस दोन-अडीच वर्षांत संपली. काकूवर केस झालीच नाही, त्यामुळे ती संपलीही नाही. नंतर तिने कमरेला चाव्या लावणं सोडलं. घरात कशालाच कुलूप नसायचं. पोरगा आज चाळिशीपुढचा आहे, मुंबईला असतो, यात्रेला येतो आणि ओसरीवरच झोपतो. तात्यांनी सगळ्या गावाला "चूक माझी" म्हणून सांगितलं, पण त्या पोराला समोर बसवून ते कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 1989 साली पहिला असा कायदा केला की भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा. तिथे अजून वाद चालतो, की ज्याने स्वतःचंच लेकरू गमावलं त्याला आणखी कोर्टात ओढायचं का. आपल्याकडे हे काम निष्काळजीपणाचं कलम करतं. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं 106 झालं, आणि शिक्षेची कमाल मर्यादा दोनाची पाच वर्षं. मला विचाराल तर तात्यांना ती केस एका अर्थी बरीच पडली. त्यांना निदान कुणापुढे तरी उभं राहून कबूल करता आलं.

घरी ठेवण्यातला माझा आक्षेप नेमका इथे आहे. परवान्यावर फोटो माझा, पण चावी घरात फिरायला लागली की जबाबदारीही फिरते. बायको, आई, मोठा पुतण्या, ज्याने ज्याने चावीला हात लावला तो तो त्यात येतो. जमा केली की ती माझ्या एकट्यापाशी राहते, पावतीवरच्या नावापाशी.

2024 च्या विधानसभेला पुन्हा जमा करायची वेळ आली. निवडणूक झाली, निकाल लागला आणि मी ती परत आणलीच नाही. पुढे विक्रेत्याकडे हलवली. ज्या दिवशी बंदूक घरातून गेली त्या दिवशी बायकोने जुडग्यातून लॉकरची चावी सोडवून माझ्यापुढे टेबलावर ठेवली. "हे घ्या तुमचं," एवढंच म्हणाली. ती इतके दिवस काय सांभाळत होती ते मला तेव्हा कळलं.

शेताचं म्हणाल तर आम्ही झटका मशीन, म्हणजे विजेचा झटका देणारं तारेचं कुंपण, बसवलं. बंदुकीइतकं ते खात्रीचं नाही, तार गवताला टेकली की करंट उतरतो, आणि गव्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. एक वाफा गेलाच यंदा.

सगळ्यांना जमा करा म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. अपशिंग्यासारख्या फौजी गावातला निवृत्त जवान बँकेत दुनळी घेऊन उभा राहतो, त्याची भाकरी त्यावर आहे. त्याला घरीच ठेवावी लागणार. त्याने निदान काडतुसं आणि बंदूक एका खोलीत ठेवू नयेत, आणि त्या कपाटात पोरांना लागणारी एकही वस्तू नसावी, खाऊ तर नाहीच. घरात कुणी लहान नसेल तर लॉकर पुरतो असं मलाही वाटतं. ठासणीची असेल आणि पोरं असतील तर मात्र मी फार विचार न करता जमा करीन.

जमा करायला जाताना नळीला आतून-बाहेरून तेल लावा, दस्त्याला जुनं धोतर गुंडाळा आणि पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवून बघा. माझ्या पावतीत एक आकडा चुकला होता, त्यापायी अख्खा सोमवार गेला.