कम्युनिटी टँकमधले डिस्कस: अकरा महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी सहा डिस्कस (थाळीसारखे गोल, चपटे मासे) घरी आणले, कम्युनिटी टँकमध्ये म्हणजे इतर जातींच्या माशांबरोबर ठेवायला. आज टाकीत पाच आहेत. सहावा उपासमारीने गेला, आणि तोही अशा टाकीत जिथे दिवसातून तीन वेळा खाद्य पडत होतं. हे लिहायला बसलो तो मुख्यतः त्याच्यामुळे. डिस्कस खात नाही म्हटलं की आपण खाद्याची डबी बदलतो. मीही बदलली, तीनदा. बदलायला हवे होते ते त्याचे शेजारी.

टाकी ४ बाय २ बाय २ फुटांची, प्रत्यक्षात साधारण ४२० लिटर पाणी. एक कॅनिस्टर फिल्टर आणि जोडीला एअर पंपावर चालणारा मोठा स्पंज फिल्टर. पाणी २९ अंशांवर ठेवतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून स्पंज फिल्टर रात्रीसुद्धा बंद करत नाही. ३०० वॉटचा एक हीटर घेण्याऐवजी २०० वॉटचे दोन लावलेत. एक बंद पडला तरी पुण्यातल्या डिसेंबरच्या रात्री पाणी एकदम गार पडत नाही, आणि एखादा चालूच राहिला तरी त्याच्या एकट्याने टाकीचा रस्सा होत नाही. तळाला अर्धा-पाऊण इंच बारीक वाळू, दोन मोठी लाकडं, त्यांवर बांधलेलं अनुबियास आणि मागच्या बाजूला अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड. ही झाडं या तापमानात तग धरतात.

मासे निवडताना एक गोष्ट बरोबर केली. ४ इंचांच्या पुढचेच घेतले. दोन-अडीच इंची पिल्लं स्वस्त मिळतात, पण त्यांना दिवसातून पाच-सहा वेळा खायला आणि जवळजवळ रोज पाणी बदलायला लागतं, आणि झाडं-वाळूच्या टाकीत ते जमत नाही. दुकानात डोळा बघा. शरीराच्या मानाने डोळा मोठा आणि अंग गोल न राहता लांबट असेल, तर तो मासा लहानपणीच खुंटलेला असतो. नंतर कितीही खाऊ घाला, तो थाळीसारखा गोल होत नाही.

आता चुकांकडे. डिस्कस येण्याआधीपासून माझ्याकडे दोन एंजल मासे होते. एंजल आणि डिस्कस दोन्ही अ‍ॅमेझॉनचे, दोन्ही सिक्लिड या एकाच कुळातले, मग जमेलच असं गृहीत धरलं. एंजल वरच्या पाण्यातून झेपावतो आणि खाद्य पडायच्या आत तोंड लावतो. डिस्कस मात्र आधी बघतो, जवळ जातो, मागे सरतो, मग खातो. तेवढ्यात डबीतलं सगळं संपलेलं असायचं. मोठ्या डिस्कसना थोडंफार मिळायचं, सगळ्यात लहानाला काहीच नाही. तो लाकडामागे उभा राहायला लागला, रंग काळवंडला. मी समजत होतो लाजतोय. एके दिवशी तो समोरून माझ्याकडे वळला तेव्हा दिसलं: डोळ्यांच्या वरचं कपाळ खपाटीला जाऊन कड सुरीसारखी झाली होती. तोवर सहा आठवडे गेले होते. वेगळ्या टाकीत घेऊनही तो वाचला नाही. माशाला बाजूने बघून पोट भरलेलं वाटतं. समोरून बघायची सवय मला त्याने लावली. एंजल त्याच आठवड्यात एका मित्राकडे गेले.

दुसरी चूक निऑनची. मी कार्डिनल टेट्रा हे छोटे मासे मागितले होते, दुकानदाराने दिले ते त्यांच्यासारखेच दिसणारे निऑन. फरक सोपा आहे: निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो, कार्डिनलचा तोंडापासून शेपटीपर्यंत सलग. निऑनला २९ अंश सोसत नाही. महिन्याभरात अर्धे गेले. नंतर खरे कार्डिनल आणले, वीस, आणि ते आजही मजेत आहेत. तळाला आठ स्टरबाय कोरी हे छोटे मासे आहेत. बाकीच्या बऱ्याच कोरींना गार पाणी आवडतं, स्टरबाय गरम पाण्यात छान राहतात. शेवाळ खायला ठेवलेला प्लेको मासा मात्र काढावा लागला. रात्री टॉर्च लावून पाहिलं तर तो एका डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याचा चिकट स्राव खरवडत होता. सकाळी त्या जागी फिका डाग.

एंजल गेल्यावर आठवड्याभरात जेवणं सुधारली, खाद्य तेच असूनही. सध्याचा क्रम असा: सकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास काहीच नाही, डिस्कसला जाग यायला वेळ लागतो. मग डाव्या टोकाला कार्डिनलसाठी चिमूटभर बारीक फ्लेक. ते तिकडे गुंतले की उजवीकडे आणि मध्ये, अशा दोन जागी बुडणारे दाणे. दोन जागा यासाठी की पाच जणांतही दादागिरी चालते आणि एक जागा मोठा नर अडवून बसतो. दुपारी घरी कोणी असलं तर थोडं, रात्री घरचं मिश्रण. निसर्गात हे मासे शेवाळ, कुजणारा पालापाचोळा आणि बारीक किडे थोडे थोडे टिपत असतात, एकदम पोटभर जेवण त्यांच्या सवयीचं नाही.

मिश्रणाबद्दल बरेच जण विचारतात. परदेशात बीफ हार्टचं फार कौतुक आहे, पण मला तेवढी चरबी आणि त्याने होणारं गढूळ पाणी कम्युनिटी टाकीत नको होतं. मी अर्धा किलो सोललेली कोळंबी आणि पाव किलो माशाचे काटे काढलेले तुकडे घेतो, दोन्हीला उकळत्या पाण्यातून चटका देतो. मूठभर वाफवलेला पालक, दोन पाकळ्या लसूण, सगळं मिक्सरमधून काढायचं आणि विरघळवलेल्या चायना ग्रासमध्ये कालवायचं. मीठ-तेल अर्थातच नाही. झिपच्या पिशवीत पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि रोज वडीसारखा तुकडा मोडतो. पहिले चार दिवस कोणी तोंड लावलं नाही. पाचव्या दिवशी फ्रोझन ब्लडवर्ममध्ये (लाल अळ्यांमध्ये) मिसळून दिलं, मग हळूहळू ब्लडवर्म कमी केले. जिवंत ट्युबिफेक्स हा बारीक किडा मी आणत नाही. तो गटारातल्या गाळात वाढतो आणि काय काय घेऊन येतो याचा भरवसा नाही.

त्यांना खाताना जवळून बघावं. दाणा वाळूवर पडला की डिस्कस तिरका होऊन तोंडातून पाण्याचा बारीक झोत सोडतो, वाळू उडते, दाणा वर येतो आणि तो टिपतो. वाळू पातळ ठेवली ती या खेळासाठी. जाड थरात खाद्य सडतं.

मार्चमध्ये पिवळ्या डिस्कसने नऊ दिवस खाणं सोडलं. काळा पडला आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबू लागली. आतड्यातल्या परजीवीची ही नेहमीची खूण. खात असता तर औषध खाद्यातून जास्त लागू पडलं असतं, पण तोंडच उघडत नव्हता, म्हणून ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत मेट्रोनिडाझोल, २५० मिलिग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून. पाणी ३१ अंश, रोज निम्मं बदलून औषध पुन्हा, असे सात दिवस. सहाव्या दिवशी त्याने एक ब्लडवर्म तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. मी खुर्चीवरून उठलोच नाही.

पाण्याबाबत पुणेकर नशीबवान. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे, माझ्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० च्या आसपास येतो, आरओची गरज पडत नाही. आठवड्याला दोनदा ३० टक्के पाणी बदलतो, अँटीक्लोरीन घालून आणि तापमान जुळवून. पण मे महिन्यात सोसायटीत टँकर यायला लागले आणि मी न मोजता पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पंख मिटलेले आणि जेवण बंद. मीटर लावला तर ४१०. बोअरचं पाणी होतं. जुन्या पाण्यावर परत यायला पाच दिवस लावले, रोज थोडं थोडं, कारण घाईने उतरवणंही तितकंच वाईट. आता बाल्कनीत २०० लिटरचा पिंप आहे, आणि प्रत्येक वेळी आधी मीटर, मग पाणी.

पुन्हा करेन का? करेन, फक्त टाकी आधी कार्डिनल आणि कोरींनीच भरेन, आणि डिस्कस आल्यावर दुसरं कोणी आणणार नाही. नवीन मासा महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय टाकीत सोडत नाही. गेल्या महिन्यात पिवळ्याने आणि निळ्या मादीने अनुबियासचं एक पान चाटून-पुसून साफ केलं आणि अंडी घातली. दोघं आळीपाळीने पंखांनी वारा घालत होते. रात्री दिवा गेल्यावर कार्डिनलनी अंडी संपवली. काल संध्याकाळी दोघं परत त्याच पानावर होते.