मायएसक्यूएलला जोडताना कॅल्क बंद पडतं: जेडीबीसी घ्यावं की ओडीबीसी?

इतवारीतल्या ठोक दुकानात स्टॉक आणि बिलं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असतात, मुनीमजींना मात्र उधारीची यादी कॅल्कमध्येच, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमध्येच हवी असते. जोड दिला, 'डेटा सोर्सेस'मधलं टेबल उघडलं, की कॅल्क काही न सांगता बंद. अशा वेळी ड्रायव्हर (कॅल्क आणि डेटाबेस जोडणारा प्रोग्राम; जेडीबीसीचा जावावर चालतो, ओडीबीसीचा जावाशिवाय) बदलायच्या आधी जोडाची ओडीबी फाइल बेसमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये उघडून टेबलावर डबल-क्लिक करा. बेसही कोसळलं, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा जावाचा. बेस नीट चालतं आणि कॅल्कच पडतं, तर शीट किंवा प्रोफाइल बिघडलंय. 'हेल्प'मधून सेफ मोडमध्ये सुरू केलं की ते कळतं. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे बेसही कोसळतं त्याबद्दल.

जेडीबीसीचं आकर्षण खरं आहे. ड्रायव्हरची जार फाइल उतरवा, ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली क्लास पाथमध्ये (जावानं फाइली कुठे शोधायच्या ती यादी) जोडा, लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, झालं. क्विकस्टार्टर (लिब्रेऑफिस मागे चालू ठेवणारा भाग) चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर जार दिसतच नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही, ग्राहकांची मराठी नावं नीट येतात, आणि तीच जार लिनक्सवरही चालते.

त्रास जावाचा आहे. तो कॅल्कच्याच प्रोसेसमध्ये चालतो, म्हणून तो पडला की कॅल्कही पडतं आणि न साठवलेली शीटही जाते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००० क्रमांकाच्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल' (बिघडलेला भाग) म्हणून जेव्हीएमचं, म्हणजे जावाच्या इंजिनाचं नाव दिसतं. त्यावरून खरं कारण कळत नाही. त्यात आपल्याकडच्या ऑफिसांत तोच जावा ई-टेंडरच्या डिजिटल सहीसाठीही लागतो. सहीसाठी एक आवृत्ती धरून ठेवायची, लिब्रेऑफिसला मात्र स्वतःच्याच बिटचा, म्हणजे ६४ बिटला ६४ बिटचा जावा हवा. अपडेट आलं की जावाच्या फोल्डरचं नाव बदलतं आणि ऑप्शन्समधली निवड जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहते. एका कामासाठी जावा सुधारला की दुसरं काम अडतं. बेसमधलं 'टेस्ट क्लास' बटणही ड्रायव्हरचा क्लास (त्याचा मुख्य भाग) सापडला एवढंच सांगतं. जोड टिकेल का, हे सांगत नाही.

ओडीबीसीतही ड्रायव्हर कॅल्कच्याच प्रोसेसमध्ये येतो, तेव्हा तो कधीच पडणार नाही असं म्हणवत नाही. पण मध्ये जावा नाही, आणि डीएसएन (विंडोजमध्ये साठवलेली जोडाची माहिती) बनवतानाच 'टेस्ट' दाबून जोड कॅल्कच्या बाहेर तपासता येतो. सर्व्हरचा पत्ता, ३३०६ पोर्ट किंवा पासवर्ड चुकला असेल तर तिथंच कळतं, शीट उघडी असताना नव्हे.

इथली खोच मात्र आधी समजून घ्या. ६४ बिट विंडोजवर ओडीबीसीचे दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतात. ६४ बिटचा सिस्टिम३२ फोल्डरात आणि ३२ बिटचा सिसवाऊ६४ मध्ये; नावं उलटी वाटली तरी हेच बरोबर. चुकीच्या खिडकीत डीएसएन बनवला, तर ड्रायव्हर आणि प्रोग्रामचं आर्किटेक्चर जुळत नाही असा एरर येतो. १२६ क्रमांकाचा एरर आला, तर बहुतेक वेळा ड्रायव्हरला लागणारं मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाकायचं राहिलेलं असतं. ड्रायव्हर 'युनिकोड' घ्या. 'आन्सी' घेतला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

लिब्रेऑफिसचा स्वतःचा थेट जोडही आहे, पण तो लिब्रेऑफिसपुरताच. ओडीबीसीचा डीएसएन, बिट जुळत असतील तर, सीएंच्या माणसाच्या एक्सेललाही चालतो. म्हणून विंडोजच्या मशीनवर मी ओडीबीसीकडेच झुकतो. लिनक्सवर ओडीबीसीच्या दोन आयएनआय फाइली हातानं लिहिण्यापेक्षा जेडीबीसी बरं पडेल.

काहीही घेतलं तरी पूर्ण टेबल ओढू नका. दोन्ही ड्रायव्हर एरवी सगळा निकाल आधी मेमरीत घेतात आणि जुन्या ४ जीबीच्या मशीनवर तेवढ्यानंही कॅल्क पडतं. सर्व्हरवरच चालू महिन्यापुरता व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) बनवा, फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर द्या आणि कॅल्कमध्ये तोच व्ह्यू जोडा.